ठमीच्या ताटातलं धरायचं नाही

१ तारीख, सोमवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय खातेस ते रोज वहीत लिही. शाळा सातवीतच सुटली, तरी लिहिते. शुगर दोनशे ऐंशी. पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात, ते त्यामुळेच म्हणे. तीन आठवड्यांनी पाय तपासणार. शुगर उतरली नाही तर रोज पोटात इंजेक्शन. पाय बधिर झाले तर ठमीच्या मागे कोण धावणार? अडीच वर्षांची पोर, जागेवर ठरत नाही.
ठरलं. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. मेले तरी बंद.

२ तारीख
बिनसाखरेचा चहा. एक अंडं. काकडी. उकडलेली भाजी. बस्स.
ठमीने अर्धं केळं, दोन बिस्किटं आणि सगळा दूधभात टाकला. अन्न फेकवत नाही, मी संपवलं. पण ते ठमीचं, म्हणून इथे धरलं नाही.

५ तारीख
सासूबाई म्हणाल्या, पोरीला एवढा भात वाढतेस, तिचं पोट आहे का पोतं? म्हटलं, वाढतं अंग आहे. जॅम लावून ब्रेडही दिला, चार स्लाइस. तिने एक चावा घेतला.
मी: काकडी.

९ तारीख
कारखान्यात मशीनच्या पेडलवरून पाय उचलला होता, तरी मशीन चालूच. शर्टाच्या बाहीचं तोंड शिवून बंद. सुपरवायझर म्हणाला, बाई, हात कुठून घालायचा? मशीन बिघडलंय. सांगितलं तर बघतसुद्धा नाहीत मेले.

१३ तारीख
मुंग्या गेल्या! उजवा पाय एकदम शांत. डाएट लागू पडलं.
संध्याकाळी ह्यांनी विचारलं, लादीवर रक्त कसलं गं? बघते तर टाचेत टाचणी, अख्खी आत. कारखान्यातली असणार. हे पांढरे पडले. मी हसून म्हटलं, बघा, दुखणं किती कमी झालंय.
मग न्हाणीघरात कडी लावून टाचेला चिमटे काढले. पुष्कळ काढले.
ते जाऊ दे. थंडीने होतं असं.

१६ तारीख
ठमीला चॉकलेटचं दूध सुरू केलं. तिला आवडत नाही. सवय लागेल.

२१ तारीख, रविवार
उद्या तपासणी. तळपायाला दोरा टेकवतात म्हणे, म्हणून प्रॅक्टिस केली. मी डोळे मिटले आणि ठमीला माझ्या तळपायाला गुदगुल्या करायला बसवलं. ठमी खूप हसली, म्हणजे होत असणार.

२२ तारीख
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मीट, दोरा लागला की हो म्हण. मी हो म्हटलं. परत हो. सहा वेळा हो. मग म्हणाल्या, अगं, मी अजून दोरा शोधतेय.
सापडल्यावर टेकवला. टेकवलाय हेच कळलं नाही.
शुगर तीनशे दहा. वही मागितली. वाचून बरोबर आणलेल्या ठमीला वजनकाट्यावर उभं केलं, मग मला. ठमी होती तेवढीच. मी दोन किलो वर.
पहिलं इंजेक्शन नर्सने तिथेच पोटात दिलं. केवढ्यांदा ओरडले! बाहेरून हे धावत आले. मी खूश होऊन म्हटलं, बघा बाई, कळतंय मला, सगळं कळतंय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटाचं कुणी विचारलं नव्हतं.