पाणी नेहमी बहुवचनी

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप उमाताईस,

धाकट्या वैजनाथचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण आठांपैकी दोन अंगं म्हणजे गुडघे, आणि ते आता माझं ऐकत नाहीत. उरलेली सहा तुझ्या पायांशी आहेत असं समज.) तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का? धरण भरलं की पैठणला डास माजतात, तेव्हा मच्छरदाणी लावत जा, ती कपाटात जपून ठेवण्यासाठी दिलेली नाही. इकडं सगळे ठीक. तुझ्या भावजयीची पाठ फक्त मी घरात असलो की दुखते, आणि हल्ली मी घरात नसतो, त्यामुळं तिला आराम आहे. फोन न करता पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर मी मुद्द्यावर आलो की नेमकं तुझ्या गॅसवर दूध असतं. पत्राच्या आड दूध येत नाही.

तर बातमी अशी, की मी अध्यक्ष झालो आहे. हसू नकोस. आपल्या कॉलनीमागच्या हॉलमध्ये अभिजात भाषा अभ्यास मंडळ म्हणून एक संस्था आहे. तिथं संस्कृत, प्राकृत आणि फारसी फुकट शिकवतात, आणि फुकट असूनही कोणी शिकायला येत नाही. संस्कृत-प्राकृताची बाजू तात्यासाहेबांकडं. (वय झालंय, पण आवाज असा, की 'रामः' म्हणताना विसर्गानं समोरच्या वहीचं पान उलटावं.) फारसीची बाजू जोहराबाजींकडं. त्या उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निजामाच्या काळचे कागद वाचून घ्यायला अजून वकील त्यांच्या दारात उभे असतात. जुने अध्यक्ष लेकीकडं कायमचे परदेशी गेले आणि नवा नेमायची वेळ आली. संस्कृतवाल्यांना फारसीचा माणूस नको, फारसीवाल्यांना संस्कृतचा नको. दोन्हींतलं काहीही न येणारा माणूस पाहिजे होता. साऱ्या सभेची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. जन्मभर वीज मंडळात मीटर तपासलेल्या माणसाच्या अज्ञानाचा असा एकमतानं गौरव कुठं झाल्याचं ऐकिवात नाही.

पहिल्याच आठवड्यात पाटीचं भांडण माझ्यापुढं आलं. पाटीवर आधी कोणती भाषा लिहायची? मी न्यायाधीशाच्या थाटात सांगितलं, वर्णमालेप्रमाणं लिहा. तात्यासाहेब खूश झाले, मग त्यांनी मनात बाराखडी म्हणून पाहिली, आणि प्राकृत पहिलं आलं तरी फारसीचा 'फ' संस्कृतच्या 'स'च्या आधी येतो हे ध्यानात आल्यावर चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, संस्कृतला गीर्वाणवाणी लिहा, 'ग' आधी येतो. जोहराबाजींनी शांतपणे सांगितलं, मग फारसीला अजमी लिहा, 'अ' त्याच्याही आधी येतो. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पाटी कोरी आहे. तात्यासाहेबांना पंखा मंद हवा असला तर ते मला सांगत, मी जोहराबाजींना सांगे, आणि पंख्याचं बटण तात्यासाहेबांच्या डोक्यावरच असे.

हे एवढ्यावर भागलं असतं, पण हॉल ज्यांचा आहे ते माऊली एक दिवस आले. चांगला माणूस. वडिलांनी हॉल मंडळाला वापरायला दिला म्हणून इतकी वर्षं एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणाले, "काका, स्पर्धा परीक्षांचे अकॅडमीवाले हॉल भाड्यानं द्या म्हणून माझ्या लई मागं लागलेत. तुमच्या वार्षिक व्याख्यानाला एकदा हॉल भरून दाखवा, मी त्यांना नाय म्हणतो. रिकाम्या खुर्च्यांसाठी मी भांडू कसा?" व्याख्यान तात्यासाहेबांचं होतं, विषय 'प्राकृत काव्यातील लोकजीवन'. आदल्या वर्षी याच व्याख्यानाला जेवढे श्रोते होते, त्यांतला एक झोपलेला होता आणि एक मी होतो. बाकीचे मोजण्यात अर्थ नाही.

मी फ्लेक्स करायला टाकला. ताई, निवडणुकीच्या हंगामात फ्लेक्सवाल्याकडं जाऊ नये. त्याचे हात वाढदिवस आणि शुभेच्छा यांना इतके सरावलेले, की त्यानं 'अभिजात'चं 'अभिजीत' केलं. फोटोशिवाय लोक बघत न्हाईत म्हणून माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभातला हार घातलेला, हात जोडलेला फोटो लावला. खाली 'जनतेच्या सेवेत' ही ओळ त्यानं स्वतःच्या मनानं, फुकट टाकली. मी पाहीपर्यंत फ्लेक्स चौकात लागलेला होता. अर्ध्या वस्तीला वाटलं वॉर्डात कोणी अभिजीतभाऊ उभे राहतायत. उरलेल्या अर्ध्या वस्तीला वाटलं मी गेलो. (तुझ्या भावजयीकडं दोघी भेटायला येऊन गेल्या. मीच दार उघडलं.)

व्याख्यानाच्या संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्या संपल्या, बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पाहताक्षणी ओळखलं, ह्या प्राकृतासाठी आलेल्या नाहीत, फ्लेक्सवरच्या अभिजीतभाऊंपुढं नळाचं गाऱ्हाणं मांडायला आल्यात. पण मंचामागं तात्यासाहेब बसले होते. लग्नाच्या वेळचा कोट घातलेला, टिपणं हातात. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि माझा दंड धरला. "वैजनाथ, एवढी माणसं? प्राकृतासाठी?" डोळे भरले होते गं त्यांचे. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ते उभे राहिले, एक गाथा म्हटली, अर्थ सांगायला सुरुवात केली, तोच, मंचावर बोलतो तोच उमेदवार असं धरून, पुढच्या रांगेतून कडूबाई उठल्या. (कडूबाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या. भाजीची गाडी लावतात, आणि अख्खी गल्ली त्यांच्या शब्दावर चालते.) "ते समदं ऱ्हाऊ द्या, अभिजीतभाऊ. पाण्याचं काय करताव ते सांगा!" मागून सगळ्यांनी धरलं, व्हय, पाण्याचं सांगा. तात्यासाहेबांनी एकदा लोकांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्यांना सगळं कळलं. एवढा बोलका माणूस, पण टिपणांची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा पहिल्या रांगेतून जोहराबाजी उठल्या. सरळ मंचावर गेल्या आणि म्हणाल्या, "पाण्याचंच सांगतायत ते. तुम्ही ऐकून तर घ्या!" मग स्वतःच सुरू झाल्या. फारसीत पाणी म्हणजे आब. मोती आबदार असतो तो त्याच्यामुळं. गुल म्हणजे फूल, गुलाब म्हणजे फुलाचं पाणी. हाच गुलाब अरबांकडं गेला, त्यांना 'ग' म्हणता येईना म्हणून 'ज' म्हणाले, हकिमांनी त्या गुलाबपाण्यात औषध घालून दिलं, आणि तोच शब्द आपल्याकडं जुलाब होऊन परत आला. हॉल असा हसला, की मागच्या भिंतीला टेकलेले माऊली पोट धरून खाली बसले. (त्यांना स्वतःच्याच हॉलमध्ये खुर्ची मिळाली नव्हती.)

तात्यासाहेबांना राहवलं असतं तर ते तात्यासाहेब कसले! "आब हा आमच्या 'अप्'चा भाऊ आहे!" ते गरजले. "आणि लक्षात ठेवा, संस्कृतात हा शब्द नेहमी बहुवचनी. आपः! पाणी कधी एकवचनी येतच नाही!"

"आमच्या गल्लीत एकवचनीबी येत न्हाई!" कडूबाई म्हणाल्या.

"आणि स्त्रीलिंगी!" तात्यासाहेब थांबायला तयार नव्हते.

"बाईमाणूस, अन् कायम घोळक्यानं? म्हंजी नळावरच्या आमीच की वो!"

त्यानंतर तात्यासाहेब आणि जोहराबाजी मंचावर शब्दाला शब्द लावत राहिले, भावाला भाऊ, चुलत्याला चुलता, आणि कोणी उठेना. शेवटी तात्यासाहेबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून जोहराबाजींपुढं धरला. "बाजी, आब." त्या म्हणाल्या, "शुक्रिया, पण अनेकवचनी द्या, घसा लई सुकलाय." इतक्या महिन्यांनी बोलले, ते असे.

हॉल राहिला. माऊलींनी अकॅडमीवाल्यांना तिथूनच फोन करून नाही सांगितलं. नळाचा अर्ज मी बायकांबरोबर जाऊन दिला, पाण्याचं अजून काही खरं नाही. मात्र कडूबाई आणि त्यांच्या बरोबरच्या बऱ्याच जणींनी वर्गाला नावं दिली. मला वाटतं माझं काम झालं. आता राजीनामा द्यावा आणि गुडघ्यांकडं बघावं असा विचार आहे. तुला फक्त हकिकत कळवावी म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

सर्वांना यथायोग्य सांग, म्हणजे शेजारच्या आमरीनला सांग. घरात तर तू एकटीच आहेस.

तुझा,
वैजनाथ

ता.क. राजीनामा देणार नाही. वर उगाच लिहिलं.

ता.क. २. बायकांचा फारसीचा वर्ग छान चालला आहे. संस्कृतच्या वर्गात तात्यासाहेब पहिल्या दिवशी धातूंचे गण सांगायला लागले, दुसऱ्या दिवशी ओरडायला. निम्म्या जणी घाबरून यायच्या बंद झाल्या. त्यांना संस्कृत शिकवायला कोणीतरी बाई पाहिजे. भाऊजी गेल्यापासून तू शिकवणं सोडलंस, आता सगळं विसरले म्हणतेस; पण गेल्या दिवाळीत पूजेतला भटजींचा उच्चार तू देवघराबाहेरून दुरुस्त केलास, तो मी ऐकला आहे. मागची खोली आवरून ठेवली आहे. ती उपकार म्हणून नाही, आणि तू कुणाला भार होशील म्हणून घाबरायचंही कारण नाही. भार असलाच तर वर्गाचा आहे, आणि तो तुझ्यावर आहे.

ता.क. ३. कडूबाईंनी विचारलं, तुमच्या ताई कडक हायेत का? मी म्हटलं, लई. त्या जरा विचारात पडल्या, मग म्हणाल्या, "मंग चालंल. तात्यासाहेब कडक न्हाईत, नुस्ते वरडतेत."

ता.क. ४. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन पैठणला येतो आहे. नाही म्हणायचं असेल तर संस्कृतात म्हण. मला कळणार नाही.