केसांना आधी पाणी

हॅम्बर्ग, रविवार

प्रिय आई,

तुझ्या सेरवाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी कंबर कशी आहे?

आपल्या धाकट्या अफ्रियेचा फोन आला होता. शाळा संपल्यावर पहिल्यांदाच वाढलेले तिचे केस तुटतात, म्हणून तू तिला शनिवारी केस सरळ करायचं क्रीम लावायला नेणार आहेस, असं ती रडत म्हणाली. आई, थोडं थांबशील?

माझेही तुटत होते. इथे वेण्या घालणाऱ्या मान्सामावशींनी माझ्या केसांवर पाणी शिंपडलं, तर थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे वरच राहिले.

"अगं, कोरड्या डोक्यावर शियाच्या बियांचं लोणी थापायला कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या आईनं," मी जरा रागानंच म्हटलं.

"मग तिचे केस पाणी पीत असतील. तुझ्या केसांचं दारच बंद. बाहेर कितीही वाढलंस तरी आतला उपाशीच ना!"

खरंच, तुझे केस लगेच भिजतात. आम्ही दोघी बाबांवर गेलो असणार. आपल्याकडे शाळेच्या नियमाने सगळ्या मुलींचे केस बारीक कापलेले, मग कळणार कसं?

मावशींनी शिकवलं तसं करते, तेव्हापासून माझे तुटायचे थांबलेत. तूही अफ्रियेचे केस आधी कोमट पाण्याने भिजव, गरम टॉवेल गुंडाळ, आणि मग तुझं लोणी लाव, पण थोडंच. महिनाभर बघ. नाहीच जमलं तर ने तिला, मी काही बोलणार नाही.

तू पाठवलेला लोण्याचा डबा मी जपून वापरते. इथे टॉवेल माझा मीच धरते. तिच्या डोक्यावर तुझा हात असेल.

तुझी,
सेरवा