सहीखालचा शिक्का

भिलाई-3
ता. १९ नोव्हेंबर १९८७, गुरुवार

नलूताईस गुलाबचा नमस्कार.

शिक्क्याचं तुनं पुन्हा काढलंच. मागच्या दोन पत्रांत काढलं, मी एका ओळीत टाळलं, तर या खेपेला अर्धं पान त्याच्यावरच. "तो शिक्का चुलीत घाल, नाहीतर मले पत्र लिहू नको." चुलीत घातला तर रबराचा वास खोलीभर सुटीन, आणि मूठ चांगल्या लाकडाची आहे, बारा रुपये मोजले आहेत मी. तू रागात लिहितेस तेव्हाही अक्षर सुधं येते तुझं. मले वाचाले सोपं जाते, म्हणून राग समजून घेताना काहीच सुटत नाही.

तब्येत बरी आहे. यार्डात वॅगन खाली करण्याचंच काम चालू आहे, ठेकेदार तोच. थंडी पडली, पण चुनखडीची गाडी लागली की घाम येते. मायच्या गुडघ्याचं तुनं यावेळेस लिहिलं नाही. रागात विसरली असशीन.

तर शिक्का. तुले वाटते मी गंमत म्हणून केला. तसं नाही. फेब्रुवारीत तू तिरोड्याच्या पॅसेंजरात तुझी दोनशे बुकं चढवून दिली, तेव्हाच मनात होतं की हे दारोदार फिरून होणार नाही. हुडको कॉलनीत शामसुंदरभाऊ राहतात, प्लांटमध्ये क्लार्क आहेत, नागपूरकडचे. त्यांच्या पेट्या मी एकदा ट्रकमधून उतरवल्या होत्या, तेव्हापासून ओळख. ते म्हणाले, "तू पत्रं लिहितोस ना घरी, नातेवाइकांना? मग सहीखाली बहिणीच्या पुस्तकाचं नाव घालत जा. एक नाव, एक किंमत, एक पत्ता. जास्त नको. लोक सहीपर्यंत वाचतातच, तर दोन ओळी आणखी वाचतील." वर हेही म्हणाले, "पण जपून. सहीखाली जे असते ते लोक माणसाचंच बोलणं समजतात."

पहिलं मी ऐकलं, दुसरं नाही ऐकलं.

पॉवर हाऊसच्या बाजारात शिक्के करणारा आहे. मी आठ ओळी घेऊन गेलो होतो. तू मॅट्रिक झाली ते, लहानपणापासून लिहितेस ते, बुकात नऊ कथा आहेत ते, सगळं. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, "भाई, ये मोहर है, कुंडली नहीं." मग चार ओळी राहिल्या. वाचा, 'ओला भारा', कथा. लेखिका नलू कापगते. किंमत सहा रुपये. मिळेल, गुलाब कापगते, रेल्वे यार्डासमोर, भिलाई-3. जांभळ्या शाईत इतका सुंदर उठला पहिल्यांदा की मी हातावर मारून घेतला आणि दोन दिवस तो हात नीट धुतला नाही.

दर वेळेस शिक्का मारायचं राहून जाईन म्हणून मी एका रविवारी पोस्टातून पन्नास कार्डं आणली आणि सगळ्यांवर खालच्या बाजूला एकदमच मारून ठेवलं. मग वर काहीही लिहा, बुक खाली आपोआप आहेच. खोलीत माझ्यासोबत बिसाहू राहते, त्याच्या घरची पत्रं मीच लिहितो हिंदीत. त्याच्याही कार्डांवर तोच शिक्का. त्यानं विचारलं, "ये का छाप दे हस?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचं नाव आहे. तो म्हणाला, मग राहू दे, बहिणीचं नाव कधी वाया जात नाही.

आणि मग चंपतकाका गेले. अर्जुनीहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं, मी यार्डातून आलो तेव्हा दारात पडलं होतं. रजा भेटली नाही. कमलाकाकूले दोन शब्द लिहायचे म्हणून कार्ड घेतलं, लिहिलं, टाकलं. त्याच्याखाली शिक्का होता.

तेरवीत ते कार्ड हातोहात फिरलं, हे तुनंच लिहिलं. भाऊबंद म्हणाले, गुलाबनं काकाच्या मयतीत बहिणीचं दुकान लावलं. आणि कोणीतरी तुह्याकडे पाहून बोललं, "नवऱ्याचं घर चालवता आलं नाही, आता बुक चालवून राहिली." तू जेवली नाही. मायले घेऊन तशीच निघाली, आणि अर्जुनीच्या स्टँडवर दोन तास गाडी भेटली नाही. हे सगळं मी तुझ्या पत्रात पुन्हापुन्हा वाचलं आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की घाईत होतो, शिक्का दिसलाच नाही.

दिसला होता, ताई.

कार्ड लिहून झालं तेव्हाच दिसला. दुसरं कार्ड पंधरा पैशाचं होतं, पोस्ट उघडं होतं, यार्डाच्या फाटकापासून चार पावलं. मी ते कार्ड हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. मनात आलं की काकूकडे तेरवीपर्यंत शंभर माणसं येतील जातील, कोणीतरी वाचीन. मग डब्यात टाकलं. इतकी मले एका बुकाची गरज होती. कावून होती, ते आता लिहितो. ते लिहिण्यासाठीच हा कागद घेतला आहे, आणि दीड पान दुसरंच लिहीत बसलो.

तुझ्या पत्राच्या शेवटी, शिक्क्याच्या रागानंतर, दोन ओळी आहेत. गोंदियाचा छापखानेवाला दुसऱ्या बुकाचे पैसे आधी मागते. तू सोमवारी मायची एकदाणी घेऊन सोनाराकडे जाणार आहेस. "भिलाईत एकट्यानं दीडशे विकली, तर दुसरं हजार छापाले काही हरकत नाही."

एकदाणी मोडू नको.

दीडशे विकली नाहीत. सात विकली. एक शामसुंदरभाऊनं घेतलं, दोन त्यांच्या घरच्या विजयावहिनीच्या भजनातल्या बायांनी घेतली, चार गणपतीत गेली. गणपतीतलं एक तर घेणाऱ्यानं खुर्चीवरच सोडलं, ते मी उचलून आणलं नाही, कारण पैसे दिले होते त्यानं. बाकीची माझ्या खाटेखाली आहेत. प्लास्टिकात बांधून, विटांवर ठेवली आहेत, ओल लागली नाही, उदई लागली नाही. चांगली आहेत सगळी.

जे पैसे मी बुकांचे म्हणून पाठवत होतो ते ओव्हरटाइमचे होते. आणि काही महिने जेवणातले.

तू म्हणशीन, कावून केलं असं. मीही स्वतःले विचारतो. पहिल्या महिन्यात दोन गेली होती. बारा रुपयांची मनीऑर्डर कशी करू, लाज वाटली. स्टेशनवर गठ्ठे चढवताना तुनं विचारलं होतं, "विकतीन ना रे?" आणि मी गाडी सुटता सुटता म्हटलं होतं, हातोहात. म्हणून नव्वद पाठवले आणि पंधरा विकली असं लिहिलं. वाटलं पुढच्या महिन्यात भरून निघीन. मग तुझं पत्र आलं. आता सकाळी दोन तास लिहाले बसते, माय विड्या वळायचं सूप पुढे सरकवत नाही, उलट शेजारणीले सांगते, पोरीचं लिहिणं पैसे आणते. ते पत्र वाचल्यावर मले खरं लिहिता आलं नाही. मले वाटलं, महिन्याच्या नव्वद रुपयांत नलूताईचे रोजचे दोन तास विकत भेटून राहिले, तर महाग नाही. आकडे वाढत गेले. मी तर पाचवीतून पळालेला, पण खोटा हिशेब बरोबर जमला मले.

आणखी एक. ठेकेदार पुढच्या महिन्यात विशाखापट्टणमले माणसं नेऊन राहिला. मी हो म्हटलं होतं. तुले माहीत आहे माझा पाय एका जागी टिकत नाही. अहिवाऱ्याच्या खाणीत सहा महिने, हुडकोत चहाच्या टपरीवर चार, मग हे. पण यावेळेस पाय नव्हता, भीती होती. ठरवलं होतं की गठ्ठे इथंच सोडायचे आणि तिकडून तुले लिहायचं, सगळी संपली. हेही तुले माहीत असावं.

मंगळवारी पोस्टमन आला. सहा रुपयांची मनीऑर्डर, अर्जुनीहून. कमलाकाकूची.

मी बिसाहूले म्हटलं, काहीतरी चूक झाली. पण कुपनावर लिहिलं होतं. अक्षर पोस्टमास्तरचं असावं, बोलणं काकूचं. तसंच्या तसं उतरवून देतो. "चि. गुलाबले आशीर्वाद. तुह्या कार्डाखाली नलूच्या बुकाचं लिवलं होतं. एक धाडून दे. लोक हसले, मी नाही हसली. तुहे काका अठरा वर्षं तेंदूपानाच्या फळीवर, मोजणीच्या जागी, मुनीम होते. नलू तवा फळीवर पानं मोजून द्याले येत होती. तिच्या बुकात त्यायचं काही हाये का, ते पाहाचं हाये. माह्यापाशी त्यायचा फोटो नाही."

ताई, मी बुक वाचलंच नव्हतं.

इतके महिने कोणी विचारलं, यात काय आहे, की मी म्हणत होतो, कथा आहेत, चांगल्या आहेत, माझ्या बहिणीच्या आहेत. नऊ महिने मी त्या गठ्ठ्यांवर झोपलो आणि आत काय आहे ते मले माहीत नव्हतं. छापलेलं मले जड जाते, हे तुले ठाऊक आहे. तरी मंगळवारी आणि काल, काम सुटल्यावर, ओळीखाली बोट ठेवून वाचलं. काका पान एकतीसवर भेटले. तुनं नाव घातलं नाही, पण सदऱ्याच्या गुंडीले दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल दुसऱ्या कोणाची? पोराच्या तापामुळे उशिरा आलेली बाई फळीवर पानांचे पुडे मांडते. पुडे चौऱ्याऐंशी आहेत. मुनीम पाहते, पेन्सिल ओली करते जिभेवर, आणि मोठ्यानं म्हणते, "शंभर." आणि तसंच लिहिते.

तिथं मी थांबलो. बिसाहूनं विचारलं, का होगे? मी बोट त्याच ओळीखाली ठेवलं. मले वाटलं काकांनी चांगलं केलं. मले वाटलं मीही तेच केलं.

मग पुढचं पान उलटलं. तिथं तुनं लिहिलं आहे की हप्त्यानं फेरमोजणी झाली, आणि सोळा पुड्यांची घट निघाली ती मुनिमाच्या नावावर नाही, त्या बाईच्याच नावावर पडली. ती भरून देते, मुनीम मान वर करत नाही, आणि ती त्याले काहीच म्हणत नाही.

म्हणून हे पत्र. फेरमोजणी सोनाराच्या दुकानात होऊ नये.

पत्र पोस्टानं टाकलं तर सोमवारच्या आधी पोचेल याचा भरोसा नाही. म्हणून तेजरामच्या हाती देतो. तिरोड्याचाच आहे, मालगाडीवर गार्ड आहे, उद्या गोंदियाकडे ड्युटी आहे त्याची. त्याले म्हटलं, नलूताईच्याच हातात दे, मायच्या नको. तो हसला आणि म्हणाला, "इतकं काय लिहिलं बे, प्रेमपत्र आहे का?" मी म्हटलं, बहिणीले आहे, वाचलं तर तुलेच रडू येईन.

मायले सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तिले वेगळं लिहिणार आहे, पहिल्या तारखेच्या मनीऑर्डरीसोबत. पैसे आता पगाराचे म्हणून, तिच्या नावानं येतील. त्यात एवढंच लिहीन की नलूताईच्या सकाळच्या दोन तासांत विड्यांचं सूप मधे आणू नको. ऐकेल की नाही माहीत नाही. गुलाबचं ऐकावं असं मी आजवर काही केलं नाही.

दुसरं बुक लिही. छापायचं आपण नंतर पाहू. शामसुंदरभाऊ म्हणतात की आधी पहिलं एखाद्या शाळेच्या, वाचनालयाच्या हाती लागलं पाहिजे. ते दोन ठिकाणी सोबत येणार आहेत. मी हमी देत नाही. विशाखापट्टणमले नाही म्हणून सांगतलं. ठेकेदारानं विचारलं, लग्न जमलं का? मी म्हटलं, सामान फार आहे.

काकूले बुक काल रवाना केलं. पान एकतीसचा कोपरा दुमडला, फाडला नाही. पुढचं पानही ती वाचून घेईनच. काकांचा फोटो म्हणून पाहणार, तर तो पूर्णच असला पाहिजे, असं मले वाटलं. चुकलं असेल तर सांग.

मारून ठेवलेल्यांतली अकरा कार्डं उरली आहेत. ती मी वापरणार नाही. शिक्का मोडला नाही, पेटीत ठेवला. तू म्हणशीन तेव्हा मोडीन, पण तुनं राग सोडून म्हणावं. आज सहीखाली हातानंच लिहितो, शाईचं काम नाही, पन्नास कार्डांवर एकदम होणारं नाही. एकच, तुझ्यासाठी.

खोटं बोललेला, आता न बोलणारा,
तुझा भाऊ
गुलाब

'ओला भारा'. लेखिका नलू कापगते.
किंमत सहा रुपये. मी वाचलं आहे.

सोबत तेजरामच्या हाती, एका बुकाचे, खरे विकलेल्याचे, रुपये सहा.