रॉकेटच्या फोमवर ओलं पोतं

६ एप्रिल ८७, हुमनाबाद
फोमच्या फळ्या झाल्या. इतक्या हलक्या की पंखा लावला तर टेबलावरून उडतात. बर्फपेट्यांचा फोम करणाऱ्या आमच्या शेडमधून रॉकेटच्या इंधनटाकीचं अस्तर जाणार! नमुना पास झाला तर पुढचं कामही आम्हालाच. तपासणीच्या दाखल्यावर सही माझी. आई आमच्या दुबलगुंडी गावभर सांगत सुटलीय. मालक अजून ‘थर्माकोल’च म्हणतात. म्हणोत.

९ एप्रिल
डोकं फिरलंय. सकाळी स्टोअर उघडलं तर सगळ्या फळ्यांवर ओली पोती! स्टोअरकीपर बंडेप्पा वरून आणखी पाणी शिंपडतोय. ओरडलो. तो शांतपणे, “थंडीचा माल हाय म्हनले न्हवं मालक? मंग उन्हाळ्यात तापू कामून द्यायचा? रांजणावानी पोतं टाकलो.”
कपाळ माझं! थंड इंधन आत, टाकीत. फोमनं बाहेरची उष्णता अडवायची, बस. त्याला स्वतःला कशाला थंड ठेवायचं? पण बंडेप्पावर किती चिडणार. मालकांनी ‘थंडीचा माल’ एवढंच सांगितलेलं.
आणि पोती त्याच रांजणावरची, ज्याला मी हात लावलेला चालत नाही. मला पाणी वरून ओततात. फोमला मात्र पोटभर पाजलं.

१० एप्रिल
मालकांना सांगितलं, कापलेल्या कडांतून पाणी आत गेलंय. टाकीत इंधन भरलं की ते पाणी गोठणार, फुगणार, फोम तडकून सुटणार. मुदत मागा, नव्या फळ्या करतो.
“उन्हात टाका की. पापड वाळतंय, हे वाळंना व्हय?”

१२ एप्रिल
वरून ठणठणीत कोरडं. एक फळी मधोमध चिरली, बोट घातलं. ओलं. तेच बोट मालकांच्या नाकासमोर धरलं.
“सही कराया तुमचं काय जातंय? आमी कामाला ठिवलाव म्हनून सायब झालास.”
‘तुमचं’वरून ‘झालास’वर यायला एक वाक्य पुरलं. नाही करणार म्हणालो. नोकरी जाईल, ठाऊक आहे. बाप जन्मभर अंगठा उठवत गेला. घरात सही करणारा मी पहिला, ती ओल्या फोमवर करू?

१३ एप्रिल
दाखल्यावर मालकांच्या भाच्याची सही. त्याला फोम आणि बर्फी यातला फरक कळत नाही. उद्या जयंती, मी सुट्टीवर, आणि ट्रक नेमका उद्याच. हुशार आहेत!
सगळे जेवायला गेल्यावर ब्रश घेऊन स्टोअरमध्ये शिरलो. दारात बंडेप्पा. वाटलं, बोंब मारतो आता.
“लवकर करा सायब. म्या कायबी बघितलो न्हाई.”
फळ्या कागदातून काढल्या, प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगात लिहिलं: आत पाणी आहे, लावू नका. पुन्हा गुंडाळून ठेवल्या.

१४ एप्रिल
मिरवणूक. खूप दिवसांनी मोकळा हसलो. ट्रक गेला असणार.

१५ एप्रिल
मालकांना लाल अक्षरांचा अजून पत्ता नाही. तिकडं एक पत्रही टाकावं म्हणून माल कुठल्या पत्त्यावर पाठवला विचारलं. “तुला कशाला?”
दुपारी तांब्या मीच रांजणात बुडवला. कुणी अडवलं नाही. पिता पिता एकदम लक्षात आलं आणि ठसका लागला. मला कानडी येतं, इंग्रजी येतं. रागाच्या भरात लिहिलं ते मराठीत! तपासणारे साहेब कुणी मद्रासकडचे, कुणी केरळचे. गाढव, शुद्ध गाढव!
‘पाणी’ एवढा एक शब्द तरी तिकडं कुणाला वाचता येईल?