अजून रागावलोय

प्रिय दादा,

बाबांना आता दिसत नाही. कामावरून आलो आणि त्यांना जेवू घातलं की मी रोज त्यांना बायबलमधली हिब्रू संदेष्ट्यांची वचनं वाचून दाखवतो. पानोपानी देवाचा कोप. शहरं ओस पडणार, भिंती ढासळणार. वाचून वाचून जीव थकला आहे.

काल मी जरा मोठ्यानं वाचत होतो, तर बाबा म्हणाले, "अरे, माझे डोळे गेलेत, कान नाहीत."

"बाबा, इथे देव चिडलाय."

"चिडलाय, पण बोलतोय ना? ज्याला खरंच मोडून टाकायचं असतं, तो इतक्यांदा आधी सांगत बसत नाही. त्याला ती माणसं परत हवी आहेत."

मला राहवलं नाही. म्हटलं, "दादानं तुमची सुतारकामाची हत्यारं विकली, तेव्हा तुम्ही तर त्याच्याशी बोलणंच टाकलंत."

बाबा बराच वेळ पांघरुणाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "त्याला लिही."

"काय लिहू?"

"लिही, मी अजून रागावलोय."

मी लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. शुद्धलेखन बरोबर आहे, पण कागदावर नुसता रागच दिसतो. ते म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला होता, ते मला लिहिता येत नाही. तू वाचशील आणि फाडून टाकशील, अशी धास्ती वाटते. म्हणून हे पत्र पाठवत नाही. रविवारी मला सुट्टी आहे. मीच येतो आणि त्यांच्यासारखं म्हणून दाखवतो.

तुझा,
धाकटा