दुसरी फेरी बाकी

मंगळ. १३ जाने.
रायन रविवारी उतरणार. गुडघा ठीक. ही बातमी त्याच्या फिजिओथेरपिस्टने दिली, त्याने स्वतः नाही. शर्यतीच्या आठवड्यात पोरगं 'सगळं मस्त' यापलीकडे काही बोलत नाही, त्यामुळे त्याच्या शब्दाला मी दुजोरा मानत नाही. लिगामेंटच्या ऑपरेशननंतरची पहिली मोठी शर्यत. ऑस्ट्रियात. स्नोबोर्ड, पॅरलल जायंट स्लॅलम, पुरुष.

ऑफिसातून विल्सनला कळवलं. हॉटेलात त्याच्याकडे लग्नाची पार्टी होती, मागे खुर्च्या ओढल्याचा आवाज. "बरं," म्हणाला. "मग रविवारी कळेलच."

काय कळेल ते दोघांनाही ठाऊक. नाताळला रा. घरी आला होता तेव्हा बापलेकांत ठरलं. पहिल्या सोळांत आला तर आणखी एक सीझन. नाही आला तर बोर्ड ठेवायचा, बहरीनला यायचं, आणि वि.च्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला जागा होतेय ती धरायची. वि.ने जीएमच्या कानावर घालून ठेवलंय. रा. लगेच 'डन' म्हणाला. इतक्या लगेच, की मला...

पेपरचं पान सोडायला उशीर झाला. एकच मथळा दोनदा लिहिला होता, डेस्कवरच्या केरळी पोराने पकडला.

बुध. १४
काही नाही. बातमी नाही म्हणजे बरी बातमी, असं मी नव्या पोरांना कधीच शिकवलेलं नाही.

तिथलं हवामान बघितलं. उणे नऊ. इथे सतरा, आणि आमच्या माहूज भागात निम्मे लोक जॅकेट घालून. कपाट आवरायला काढलं, अर्धं तसंच बाहेर. वि. म्हणाला, "पलंगावर झोपायचं की साड्यांवर?"

शुक्र. १६
मिस्सानंतर चर्चच्या पार्किंगमध्ये फिलू भेटली. सलमानिया हॉस्पिटलात नर्स, वसईपासूनची मैत्रीण, रायनची धर्ममाता. रविवारी शर्यतीची लिंक आपल्या वसईकरांच्या ग्रुपवर टाकणार म्हणाली. तिला पुन्हा समजावलं. उतारावर शेजारी शेजारी दोन वाटा, एक लाल झेंड्यांची, एक निळ्या. दोघे एकदम सुटतात.

"म्हणजे शेजारच्याला हरवायचं."

"नाही गो. आधी प्रत्येकाची एक फेरी लाल, एक निळी. दोन्हीच्या वेळेची बेरीज. त्यातून सोळा निवडतात. शेजारच्याला हरवायचं ते त्यानंतर. तोवर शेजारी नुसता शेजारी."

"मग त्याला तिथे उभा कशाला करतात?"

वि. गाडीतून हॉर्न वाजवत होता. "यल्ला, बिर्याणी गार होते!"

फिलूने जाता जाता विचारलं, "तुला काय हवंय पण? यावा की राहावा?" म्हटलं, गुडघा टिकावा. "ते सगळ्यांनाच हवंय," म्हणाली. नर्स आहे, पट्टी बांधून वाटेला लावत नाही.

शनि. १७
रा.चा फोन. शर्यतीच्या आदल्या दिवशी कधी करत नाही. आधी इकडचं तिकडचं, बर्फ कडक आहे, कोच खूश आहे. मी मराठीत, तो इंग्रजीत, नेहमीप्रमाणे. मग अचानक मराठीत: "मम्मी, सोळांत आलो आणि तरी घरी आलो, तर डॅडी रागावतील?"

मी विचारलं, गुडघा दुखतोय का.

"नो. गुडघ्याचं नाही."

मग कशाचं?

"वरती उभा राहतो ना, तेव्हा... काही नाही. जस्ट आस्किंग."

पुढचा प्रश्न विचारायचा असतो. तिसाव्या वर्षापासून लोकांना प्रश्न विचारून पोट भरते मी. आणि मी म्हणाले, आधी उतर तर खरा. तो हसला. "इंशाल्ला," म्हणाला, वि.ची नक्कल करत.

वि.ला सांगितलं नाही. त्याला फक्त 'फोन आला होता, मजेत आहे.' दुपारभर बाल्कनीत कपडे वाळत घातले, काढले. वारा सुटलाय, धूळ.

रवि. १८, ऑफिसातून
पहिली फेरी झाली. रा. निळ्या बाजूने. लाल बाजूला पोलंडचा कुणी मुलगा, तो मध्येच घसरला, सावरला, तोवर रा. पुढे. रा. आधी खाली आला, चांगला दोन-तीन झेंडे आधी. हात वर केला नाही. नीट उभा होता. मी गुडघाच बघत होते.

अधिकृत वेळा आल्या: अठरावा.

ग्रुपवर तोपर्यंत: जिंकला रे जिंकला! फिलूच्या मेणबत्त्या, टाळ्या, कुणीतरी तिरंगा. मी लिहिलं, 'जिंकलेला नाही. अठरावा आहे. दुसरी फेरी बाकी.' विल्सनचा चुलतभाऊ डॉमनिक: 'वहिनी, तुम्ही पेपरवाले आनंदसुद्धा दोन ठिकाणी विचारून करता का?' त्याखाली पुन्हा टाळ्या. फिलूचा वेगळा मेसेज: 'सॉरी गो, तू सांगितलं होतंस, पण तो पुढे गेला ना.'

नंतर तिकडे धुकं उतरलं. वरचे झेंडे दिसेनात. दीड तास थांबवलं आणि दुसरी फेरी उद्यावर. आयोजकांचं पत्रक वाचलं, कोचनेही कळवलं.

सोळाव्यात आणि अठराव्यात अंतर म्हणावं तर काहीच नाही. डोळ्याची पापणी.

रवि., घरी
वि. आला तो केकचा तुकडा घेऊन. हॉटेलच्या शेफने कापला, स्टाफ कॅन्टीनमध्ये. 'काँग्रॅच्युलेशन्स रायन', त्यातलं 'यन' उरलं होतं.

म्हटलं, जिंकलेला नाही हे तुला माहीत होतं ना?

"होतं. हजारदा सांगितलंयस."

मग?

जेवण वाढलं. मग हळूहळू निघालं. जीएम खाली आला होता, हात मिळवला. म्हणाला, मग आता मुलगा पुढे खेळणार. वि. म्हणाला, ऑफ कोर्स, सर. जीएम म्हणाला, चला, माझा प्रश्न सुटला, आणि रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीला ती जागा तिथल्या तिथे देऊन टाकली. ती रडली आनंदाने. तिने वि.लाही केक भरवला.

"तेव्हा तरी सांगायचं."

"काय सांगू? सगळे टाळ्या वाजवत होते. तो त्या पोराच्या पुढे आलेला मी डोळ्यांनी पाहिला, ॲग्नेस. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे आलेला पाहिला. तोंडातून 'नाही' निघेना."

मग म्हणाला, "जागा खलास. आता त्याने यायलाच पाहिजे सोळांत."

मी ताटं उचलली. शनिवारच्या फोनचं तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो इतका थकलेला दिसत होता, आणि केक अजून टेबलावर.

सोम. १९
तिथे आकाश स्वच्छ, वारा नाही. कोचचा मेसेज: फेरी होणार. रा. चौथ्या जोडीत, लाल बाजूने. फोन सकाळपासून बंद, नियमाप्रमाणे; खाली पोचला की चालू करतो. जागा गेल्याचं त्याला माहीत नाही.

मी पान दुसऱ्याकडे सोपवलं. वि.ने हाफ डे घेतला. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, दोघे एका बाजूला बसलो, शेजारी शेजारी.

लिंक सुरू व्हायची होती. सांगून टाकलं. शनिवारी त्याने विचारलं होतं, सोळांत येऊनही घरी आलो तर डॅडी रागावतील का.

वि. स्क्रीनकडेच बघत राहिला. "आणि तू काय म्हणालीस?"

"आधी उतर म्हणाले."

"मी रागावेन असं वाटतं त्याला?"

मी लिंक पुन्हा उघडून बघितली.

"मी ती अट घातली ती," म्हणाला, "त्याला यायला सोपं जावं म्हणून. हरून येतोय असं वाटू नये, ठरल्याप्रमाणे येतोय असं वाटावं. आणि तो पोरगा..." चष्मा पुसला. "आणि मी काल ती जागाच घालवून बसलो."

"दुसरी बघता येईल."

"बघेन. आज बघतो. जीएमला जाऊन सांगतो, सर, जिंकला नव्हता." मग: "मग आपण आता काय व्हावं म्हणून बसलोय, ते तरी सांग."

फिलूने विचारलं होतं तेच.

"तो खाली पोचला की पहिला फोन मी करणार," वि. म्हणाला. "कितवा आला ते कळायच्या आधी. तू मध्ये बोलायचं नाहीस."

बरं म्हटलं.

ग्रुपवर मेणबत्त्या सुरू. पहिली जोडी सुटली. दुसरी वर सुटायच्या गेटवर. वि.ने रायनचा नंबर काढून फोन हातात धरलाय.