डोंगराकडची खिडकी

ती. वन्सं यांस,

नमस्कार. तुमची दुर्बीण परत करायची आहे आणि तिच्याबद्दल काही बोलायचंही आहे. ते फोनवर जमत नाही, कारण फोन बैठकीत आहे आणि तुमचे बंधूही दिवसभर बैठकीतच असतात. म्हणून हे पत्र. तुमचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. नसेल तर कळवा, शेकायची पिशवी पाठवते. इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. (हे वाक्य सवयीने लिहिलं. शेवटपर्यंत वाचलंत की खोडायचं की ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.)

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तुम्ही आम्हाला चार दिवस शहर बघायला पाठवलंत, आणि वर सकाळी आगगाडीने निघून संध्याकाळी परतायचे तीन प्रवास दिलेत. माहितीपत्रकात तिन्ही प्रवासांपुढे ‘निसर्गरम्य’ असं छापलं होतं. जी मुलगी निबंधात तीनदा ‘निसर्गरम्य’ लिहिते तिने ती जागा पाहिलेली नसते, हे मी शाळेत तीस वर्षं सांगत आले. तरी गेले. उतरलो ती खोली चौथ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की बॅग पुढे आणि माणूस मागे अशीच चढाई. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर पोपडे काढता येतील इतकी जवळ. मी व्यवस्थापकाकडे तक्रार करायला निघाले, तर तुमचे बंधू म्हणाले, राहू दे, भिंत काय वाईट आहे, शांत आहे. हा माणूस भिंतीला शांत म्हणतो आणि मला चाळीस वर्षं काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी तळ्याकाठची गाडी. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला डोंगर कापून काढलेला रस्ता. डबा अर्धा रिकामा, आणि हे जाऊन बसले डोंगराच्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाले, जाताना डोंगर बघून घेऊ. येताना गाडीची दिशा उलटी होणार, म्हणजे बाजूही उलट्या होणार. आपण याच जागेवर बसायचं, तळं आपोआप आपल्याकडे येईल. इतक्या ठामपणे सांगितलं की मीही मान डोलावली. संध्याकाळी त्याच डब्यात त्याच जागेवर बसलो. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं होतं, डबा होता तिथेच होता. दोन तास पुन्हा तोच कातळ, तेच शेवाळ, आणि ‘दगड पडण्याचा धोका’ ही पाटी, या खेपेला मागच्या बाजूने. पलीकडच्या बाकांवरची माणसं तळ्याकडे बोटं दाखवत होती आणि मी त्यांच्या पाठी बघत होते. वन्सं, तुमच्या भावाने पस्तीस वर्षं कचेरीत नकाशे काढले. डबा वळला नाही तर खिडकी वळत नाही, हे त्यांना कळत नाही यावर माझा त्या दिवशी विश्वास बसला, ही माझी चूक. पण बायकोला नवऱ्याच्या मूर्खपणावर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी घाटातली गाडी. या वेळी जागा मी धरली, दरीच्या बाजूला. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना एक काठीवाल्या आजीबाई आल्या, आणि तुमचे बंधू ताडकन उठले. तुम्ही इथे बसा, आम्हाला काय, आम्ही खूप दऱ्या पाहिल्यात. (कुठे? आमच्या घराण्यात दरी आहे ती फक्त आम्हा दोघांत.) आजीबाईंची सून पण होती, म्हणून मलाही उठवलं. पुन्हा डोंगर. आजीबाई पहिल्याच वळणावर झोपल्या ते थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत. त्या घाटात बोगदे आहेत एकोणीस. दर बोगद्यात हे माझ्या दंडाला हात लावून म्हणत, वा, काय देखावा आहे. मला वाटलं टोमणा मारताहेत. मीही टोमणा मारला, म्हटलं, हो, तुमच्या डोक्यात असतो तसाच. ते हसले. मला त्या हसण्याचाही राग आला.

राग आधीचाही होता, तो सांगते. गेली दोन वर्षं हा माणूस माझ्याकडे तिरकं बघतो. मी समोर बसले की मान जराशी वळवतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, घरात शिरलेल्या पालीकडे बघावं तसं. मी मनाशी म्हटलं, बाई, चाळीस वर्षांनी आता तू याला नकोशी झालीस. कुणाला बोलले नाही. साडी बदलून पाहिली, चष्म्याची काडी बदलून पाहिली. शेवटी मीही त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी नदीच्या खोऱ्यातली गाडी. डबा रिकामा, जागा दान करायला आजीबाई नाहीत, त्यामुळे नदीच्या बाजूला बसणं यांना भाग पडलं. तिकीट तपासनीस आला. यांनी कोटाच्या खिशातून कागद काढून ऐटीत पुढे केला. त्याने तो वाचला, यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद माझ्या हातात देत हळूच म्हणाला, “बाई, तिकिटं तुमच्याजवळ असतील.”

माझ्याजवळ नव्हती, यांच्याच दुसऱ्या खिशात होती. ती काढून दिली. हे आपले विचारताहेत, झालं ना, बरोबर आहे ना? तपासनीस म्हणाला, बरोबर आहे, साहेब. त्याने टोपी पण काढली.

तो कागद म्हणजे नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी होती. चौदा महिन्यांपूर्वीची. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, समोरचं दिसणार नाही, कडेचं दिसेल, वाचन बंद. खाली एक रकाना. सोबत आलेले नातेवाईक: बहीण.

म्हणजे तुम्ही. चौदा महिने. मधे दोनदा माझ्याकडे जेवून गेलात. यांनी ताटात लोणचं समजून चटणी कालवली तेव्हा मी वेंधळे म्हणाले, आणि तुम्ही माझ्याबरोबर हसलात. आणि मग आम्हाला देखावे बघायला पाठवलंत, दिसतंय तोवर त्याला बघू दे म्हणून. त्यांना तुम्ही दया दाखवलीत. मला काय दाखवलंत? डोंगर. नवऱ्याला आपल्याकडे बघवत नाही असं समजून बाईने किती दिवस काढावेत, याचा काही हिशेब तुमच्याकडे होता का?

डोंगराकडची खिडकी यांना का हवी होती तेही कळलं: तिथे काय दिसतंय ते कुणी विचारत नाही. खोऱ्यात गाडी पुलावर आली तेव्हा यांनी तुमची दुर्बीण डोळ्यांना लावली. दोन्ही झाकणं तशीच होती. म्हणाले, वा, पाणी अगदी जवळ आलं. मी आयुष्यात कुणाची चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडलेली नाही. त्या दिवशी म्हटलं, हो, आणि तिकडे एक लाल होडी आहे, तीत दोन माणसं आहेत, बाई वल्हवतेय आणि बुवा नुसता बसलाय. ते म्हणाले, दिसली. (होडी नव्हती. नदीत पाणीही फारसं नव्हतं.) मग त्यांनी मान वळवली आणि तिरकं बघितलं, माझ्याकडे. बराच वेळ. मी हलले नाही.

मला कळलंय हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असं समजू नका.

कळावे,
तुमची भावजय

ता. क. हे पत्र मी त्यांच्याच हाती पाठवते आहे. तुमच्या घरापर्यंतचा रस्ता त्यांच्या पायांना पाठ आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. चिकटवायची गरज कुणासाठी?

ता. क. दुसरा. खरं काम हे. पत्र त्यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. मी सांगायला गेले तर ओरडेन, ते गप्प बसतील, आणि आणखी दोन वर्षं जातील. रागाचं सगळं वाचा. कंसातलं तेवढं वगळा. होडीबद्दलचा कंस तर अजिबात नको.

ता. क. तिसरा. गुरुवारी डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मी जाणार आहे. तुम्ही गुडघा सांभाळा.

सोबत दिल्याची नोंद:
१. दुर्बीण, एक. दोन्ही झाकणं लावलेली, वापरली तशीच.
२. चिठ्ठी, एक. शेवटच्या रकान्यातलं ‘बहीण’ खोडून ‘पत्नी’ केलं आहे, बाजूला सही केली आहे. बघून परत करावी.
३. तुमचे बंधू, एक. उजेड आहे तोवर परत पाठवावेत. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत हात धरावा, पण धरला असं त्यांना वाटू देऊ नये.